लेसर मायक्रोस्कोपमध्ये सरळ कसा आणायचा

लेसरचा ठिपका वाकडा दिसला की बहुतेक जण आधी डायक्रोइकला, म्हणजे काही रंग परतवून बाकीचे पार जाऊ देणाऱ्या आरशाला, हात घालतात. तिथेच घोळ होतो. किरणाची जागा चुकते किंवा कोन चुकतो. एका आरशाने दोन्ही सुधारत नाहीत. दोन आरसे आणि दोन आयरिस (लहानमोठं करता येणारं गोल भोक असलेल्या झडपा) हवेतच.

घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढा. लेसर अर्धा तास तापू द्या, पण टेबलावर येणारी पॉवर 1 मिलिवॉटच्या आत ठेवा. टेबलापाशी बसू नका, डोळे थेट किरणाच्या उंचीला येतात.

दोन्ही आयरिस एकाच उंचीला, टेबलावरच्या भोकांच्या एकाच रांगेत, एकमेकांपासून शक्य तितक्या लांब लावा. लेसरजवळचा आरसा जवळच्या आयरिससाठी, पुढचा आरसा लांबच्या आयरिससाठी. आळीपाळीने फिरवा, दर फेरीला चूक कमी होते. कोणता आरसा कोणत्या आयरिससाठी यात अदलाबदल केली तर ती वाढतच जाते.

भिंगं त्यानंतर. 1.4 एनए (प्रकाश गोळा करायची क्षमता), 60 पटीचं, 3 मिमी फोकल लेन्थचं (भिंगापासून फोकसपर्यंतचं अंतर) ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचं मुख्य भिंग, असेल तर त्याचं मागचं तोंड 2 × 1.4 × 3, म्हणजे 8.4 मिमी. 1.2 मिमीच्या किरणाने ते भरायचं तर किरण रुंद करावा लागतो; त्यासाठी 50 आणि 400 मिमी फोकल लेन्थची भिंगं 450 मिमी अंतरावर ठेवा. भिंग बसवल्यावर ठिपका लांबच्या आयरिसच्या मध्यावरून सरकला तर भिंग हलवा. आरशांना हात लावलात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

शेवटची परीक्षा कव्हरस्लिपवर, म्हणजे नमुन्यावरच्या पातळ काचेवर. परावर्तित ठिपका कॅमेऱ्यात बघत फाइन फोकस वरखाली करा. ठिपक्याभोवतीची कडी (वलयं) गोलाकार, एकाच केंद्राभोवती पसरली पाहिजेत. ठिपका बाजूला पळतो? किरण ऑब्जेक्टिव्हच्या मध्यातून जात नाही. कडी नीट आहेत, पण ठिपका मध्यावर नाही? कोन चुकलाय. ऑब्जेक्टिव्हपाशी 1 मिलिरेडियनचा फरक म्हणजे नमुन्यावर 3 मायक्रॉन, म्हणून स्क्रू अगदी केसभर फिरवायचा.

नवी मुंबईत महापे-रबाळेकडे पावसाळ्यात वीज गेली की एसीही जातो, खोली तापते आणि आरसे-भिंगं धरणारे माउंट सरकतात. वीज आल्यावर लगेच स्क्रू फिरवू नका. खोलीचं तापमान आणि लेसर दोन्ही स्थिरावू द्या. बऱ्याचदा ठिपका आपोआप जागेवर येतो. दमट हवेत थंड काचेवर ओल धरते, तीच पुढे बुरशीला आमंत्रण देते. म्हणून वापरात नसलेली ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते बदला.