सातची गोळी

बाबांना पार्किन्सन हा मेंदूचा आजार आहे आणि त्यावरची त्यांची सकाळची लेव्होडोपाची गोळी सातला असते. तिला अर्धा तास जरी उशीर झाला, तरी ते न्हाणीघराच्या उंबरठ्याशी अडकून उभे राहतात, पाय फरशीला चिकटल्यासारखे. गोळी पोटात गेल्यावर पाऊण तासाने मात्र तेच पाऊल सहज उचलले जाते. गेली सहा वर्षे मी हे रोज पाहते आहे आणि यामागचे कारण जसजसे समजत गेले, तसतसे गोळीच्या वेळेबाबत मी फार काटेकोर होत गेले.

मध्यमस्तिष्कात 'सब्स्टँशिया नायग्रा' नावाचा एक काळसर पट्टा आहे. तिथल्या चेतापेशी आपल्या लांब तंतूंवाटे मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन हे निरोप पोचवणारे रसायन सोडतात आणि तिथल्या पेशींवरचे रिसेप्टर ते टिपतात. यांतला डी-१ हा रिसेप्टर हालचालीला वाट करून देणाऱ्या पेशींना चेतवतो, तर डी-२ हालचाल रोखून धरणाऱ्या पेशींना शांत करतो. दोन्हींचे काम उलट, पण निष्पत्ती एकच. पार्किन्सनमध्ये डोपामिन पाठवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, मात्र ते टिपणाऱ्या पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात. १९६० साली व्हिएन्नात औषधशास्त्रज्ञ ओलेह होर्निकिएविच यांनी मृत रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन अत्यंत घटलेले असल्याचे दाखवले आणि पुढच्याच वर्षी तिथे रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिले गेले. डोपामिन स्वतः रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरते आणि आत गेल्यावर तिचे डोपामिन होते. अन्नातल्या प्रथिनांची अमिनो आम्लेही त्याच वाटेने आत जातात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आमच्याकडे मटकीची उसळ आता दुपारी नव्हे, रात्री होते.

गोळी पेशींचे मरणे थांबवत नाही, हे स्वीकारायला मला वेळ लागला. शिवाय निरोगी पेशी डोपामिन साठवून बेताबेताने सोडतात. त्याच उरल्या नाहीत की रिसेप्टरांच्या वाट्याला प्रत्येक गोळीमागे आधी पूर आणि मग दुष्काळ येतो. वर्षानुवर्षे असे चालले की पेशींचा प्रतिसादच बदलतो आणि मान, खांदे आपोआप डोलू लागतात. बाबांचे असे डोलणे पाहून नातेवाईक 'आजार वाढला, डोस वाढवा' असे कळवळून सांगतात. प्रत्यक्षात ती गोळीच्या भरतीची वेळ असते. आमच्या डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, तोच लहान भागांत विभागून दिला.

गेल्या पावसाळ्यात बाबांना उलट्या झाल्या, तेव्हा एका दवाखान्यात त्यांना मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शन दिले गेले. हे औषध मेंदूत शिरून डी-२ रिसेप्टरच अडवते. गोळ्या वेळेवर चालू असूनही दोन दिवस बाबांना कूस बदलता येईना. पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेताना हात अर्ध्यावरच थांबत होता. पाठवणाऱ्या पेशी गेल्यावर जो आधार उरला होता, त्यावरच आम्ही नकळत झाकण घातले होते. आता त्यांच्या पाकिटात, आधार कार्डामागे, एक चिठ्ठी असते: पार्किन्सनचा रुग्ण, मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, गोळ्या सात, अकरा, तीन आणि सात वाजता.