टोर्बोलेचा सकाळचा वारा

इटलीतल्या गार्डा तलावाच्या उत्तर टोकाला टोर्बोले नावाचं छोटं गाव आहे. म्युनिकहून ब्रेनर खिंड ओलांडून आम्ही तिथे पोहोचलो आणि जूनमधले चार दिवस विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाणं, शिकलो. शाळेत भूगोलात वाचलेले पर्वतीय आणि दरीय वारे इथे घड्याळ लावल्यासारखे वाहतात. पहाटेपासून दहा-अकरापर्यंत उत्तरेकडून पेलेर येतो, मग जरा शांतता, आणि दुपारी दक्षिणेकडून ओरा.

नवशिक्यासाठी यातला फरक फार मोठा आहे. ओरा जोरदार असला तरी टोर्बोलेच्या किनाऱ्याकडे वाहतो, म्हणजे पडलात तरी काठाकडेच ढकलले जाता. पेलेर तुम्हाला आत नेतो. शिवाय गावाजवळ तो मवाळ वाटतो आणि दक्षिणेला माल्चेसिने गावाकडे वाढत जातो. मी फसले ती इथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काठाजवळ पाण्यावर नुसती शिरशिरी होती. शीड सहज उचललं गेलं, बोर्ड छान पळाला. मागे वळून पाहिलं तेव्हा किनाऱ्यावरची माणसं ठिपक्यांएवढी झाली होती आणि भोवती पांढरा फेस उठत होता. लाटांच्या माथ्यावर फेस दिसू लागला की वारा साधारण १०-१२ नॉट (ताशी वीसेक किलोमीटर) झाला असं समजावं; शिकणाऱ्याने तेवढ्यावरच काठाकडे वळावं. मी सहा-सात वेळा शीड ओढलं, प्रत्येक वेळी पडले, आणि हातातली ताकदच संपली.

पोहत जावं असं मनात आलं होतं. कृपा करून तसं कधीही करू नका. बोर्ड बुडत नाही आणि लांबून दिसतो. पाण्यातलं एकटं डोकं दिसत नाही. मी बोर्डवर बसून राहिले आणि शीड पाण्यातच राहू दिलं. त्याने वाहून जाण्याचा वेग कमी होतो. दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करत राहिले. हा मदतीचा इशारा सगळीकडे ओळखतात. वीसेक मिनिटांनी बचावाची बोट आली. तलावाच्या या टोकाला पर्यटकांच्या पेट्रोल-डिझेल बोटींना बंदी आहे, म्हणून जाता जाता कोणीतरी ओढून नेईल या भरवशावर राहू नका. निघण्यापूर्वी काठावरच्या कोणाला तरी परतायची वेळ सांगा, आणि फोन जलरोधक पिशवीत अंगावर ठेवा. इथला आपत्कालीन क्रमांक ११२.

उरलेले दोन दिवस मी ओरा सुरू होतानाच उतरले, तेही लहान शीड घेऊन. वाऱ्याचा झोत आला की आधी मागचा हात सोडायचा, शीड लगेच रिकामं होतं. तरीही आवरलं नाही तर दोन्ही हात सोडून शीड पाण्यात पडू द्यायचं. पडताना एक हात डोक्यावर धरा, कारण डोलकाठी पाठोपाठ येते. डोलकाठी बोर्डला जोडणारा सांधा दर वेळी स्वतः ओढून तपासा. तो निसटला तर परतायचं साधनच जातं.

जूनमध्येही पाणी गार असतं, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा वेटसूट घ्या. तळाशी गोटे आहेत, रबरी बूट लागतातच.