लोणा परत आला, पण या वेळी कारण सापडलं

ज्या जुन्या इमारतीचं मी चित्रदालन करतोय, तिच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लोणा, म्हणजे आतून बाहेर येणारा क्षार, परत आला. चुन्याचा गिलावा करून सात महिने झाले होते, आणि याच भिंतीवर पहिलं प्रदर्शन लावायचं ठरलं होतं. मोठ्या पावसानंतर चौथ्या दिवशी दालन उघडलं, तर जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत पांढरी लव उठलेली. बोट लावलं की गिलाव्याचा भुगा. त्या दिवशी कामाला हात लावलाच नाही.

आधी सिमेंटचा जुना गिलावा उतरवला, त्यातच बरेच दिवस गेले. नंतर विटांमधल्या दरजा दोन सेंटिमीटर खरवडून चुन्याने भरल्या, दहा-दहा मिलिमीटरचे दोन थर दिले आणि दोन्हींच्या मध्ये महिनाभर थांबलो. त्यामुळे पहिला संशय चुन्यावरच गेला. दुसऱ्या थरासाठी पिशवीतली चुन्याची तयार फक्की घेतली होती आणि त्यातल्या दोन पिशव्या जुन्या निघाल्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ती फक्की पिशवीतच अर्धी खडू झाली होती. असा चुना पकड धरत नाही. यापुढे चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) आणून स्वतः विरवणार, निदान तीन महिने पाण्याखाली मुरवणार, पिशव्यांचा नाद सोडला. पण त्या दोन पिशव्या फक्त खिडकीच्या डावीकडे वापरल्या होत्या आणि लोणा मात्र भिंतभर एकाच उंचीला थांबलेला होता. म्हणजे दुखणं वेगळं होतं.

इथे ओलावा-मीटरने माझे तीन आठवडे खाल्ले. दोन सुयांचं मीटर कुठेही टोचा, काटा शेवटाला. हे मीटर पाणी मोजत नाही, दोन सुयांमधून वीज किती सहज वाहते ते मोजतं. भिंतीत क्षार असतील तर जवळपास कोरडी भिंतसुद्धा ते चिंब दाखवतं. लाकडासाठी ते उत्तम आहे, तुळया तपासताना मला फार उपयोगी पडलं. जुन्या भिंतीसाठी मात्र कुणी त्याच्या आकड्यावर खर्च ठरवू नका.

शेवटी ड्रिल संथ फिरवून आठ सेंटिमीटर खोलवरून भुकटी काढली, लगेच झाकणबंद डबीत भरली, वजन केलं, 105 अंशांवर सुकवली आणि पुन्हा वजन केलं. गुडघ्याच्या खाली ओल 6 टक्के, 120 सेंटिमीटरवर 2.5. खरं उत्तर पुढच्या पायरीत मिळालं. सुकवलेली भुकटी एका बंद डब्यात ठेवली आणि तळाशी साध्या मिठाचं संपृक्त द्रावण. त्यावरच्या हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास राहते. आठवड्याने वजन केलं, तर 120 सेंटिमीटरवरच्या भुकटीने हवेतूनच 2.3 टक्के पाणी परत ओढलं होतं! खालच्या भुकटीने जेमतेम दीड. म्हणजे वरची ओल जमिनीतून चढतच नाहीये, क्षार ती हवेतून घेतायत. खरी चढती ओल फक्त तळाला आहे.

मत्स्यपालनवाले वापरतात त्या नायट्रेटच्या पट्ट्या भुकटीच्या पाण्यात बुडवल्या, तर गडद रंग आला. तेव्हा भिंतीतल्या त्या लोखंडी कड्यांकडे लक्ष गेलं, ज्या आपण हौसेने जपून ठेवल्या आहेत. इथे घोडे बांधत असत. मूत्र आणि शेण जमिनीत मुरलं, जिवाणूंनी त्याचे नायट्रेट केले आणि चढत्या ओलीबरोबर ते विटांमध्ये जाऊन बसले. कॅल्शियम नायट्रेट 50 ते 55 टक्के आर्द्रतेलाच हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. दालनात रात्री 70 आणि दुपारी 45 टक्के, म्हणजे क्षार रोज विरघळतात आणि रोज पुन्हा स्फटिक होतात. तो वाढणारा स्फटिक गिलाव्याच्या छिद्रांना आतून फोडतो. चुना निर्दोष असता तरी हेच झालं असतं.

तळाच्या ओलीचं कारण बाहेर आहे. दर डांबरीकरणात रस्ता चढत गेला आणि आता तो आतल्या जमिनीपेक्षा 22 सेंटिमीटर उंच आहे. जोतं पार गाडलं गेलंय. भिंतीलगत अरुंद चर, खडी, छिद्रांची नळी आणि भोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) असा बेत आहे. पाया उघडा पडू नये म्हणून एका वेळी एकच मीटर खणायचं. परवानगीचा अर्ज दिलाय.

आतली भिंत जिंकण्याचा हट्ट मी सोडला. तिच्यावर मऊ, सच्छिद्र असा बळीचा गिलावा द्यायचा. क्षार त्यात येऊ द्यायचे, भरला की उतरवून नवा द्यायचा. चित्रं तिच्यापुढे दहा सेंटिमीटरवर उभ्या केलेल्या स्वतंत्र फळीवर, खाली-वर हवेला वाट ठेवून. पण हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय, की दहा सेंटिमीटरच्या फटीत गवंड्याचा हात थापीसकट जाणार कसा? गिलावा बदलायचाच असेल तर माणूस आत उभा राहायला हवा. म्हणजे 75 सेंटिमीटर. दालन 5.4 मीटर रुंद आहे, तर 4.6 च्या आसपास उरेल. मोठ्या चित्रापासून मागे सरकायला तेवढं पुरतं. फळी तुळईला न टांगता रबराच्या पायांवर जमिनीवर उभी करीन, म्हणजे अवजड गाड्यांची थरथर तुळईतून चौकटीत उतरणार नाही. जुना आराखडा रद्द. आजच नव्याने काढतो.

मुक्कामाच्या खोलीतली बातमी फार चांगली आहे. जुन्या खिडकीच्या आत 15 सेंटिमीटर अंतर सोडून लॅमिनेटेड काचेची दुसरी चौकट बसवली आणि कडांना नीट सील लावलं. ट्रक जातो, काच थोडी उजळते, आवाज मात्र लांबच्या नदीसारखा. पहिल्यांदाच तिथे बसून तासभर चित्र काढलं. कागदावरच्या कामांसाठी 50 लक्सच्या मंद प्रकाशावर दिवेही लावून पाहिले. डोळे सरावले की जलरंग छान उघडतात.

उद्या खिडकीच्या उजवीकडे एक चौरस मीटर निवडतोय. केओलिन (पांढरी चिनी माती), वाळू आणि कागदाचा लगदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मळून क्षार ओढून घेणारा लेप लावणार, सुकला की सोलून त्यातले क्षार मोजणार. तीन लेपांनंतर पट्टीचा रंग उतरला, तरच पूर्ण भिंतीला लावीन.