ब्लॉगचे पैसे आले आणि बँकेत अडकले

ब्लॉग कसा सुरू करायचा, थीम कुठली घ्यायची, शीर्षक कसं द्यायचं यावर मराठीत आता ढीगभर व्हिडिओ आहेत. शेवटी डॉलरचा एक स्क्रीनशॉट दाखवतात आणि विषय संपतो. ते डॉलर कोकणातल्या एखाद्या छोट्या शाखेत रुपये होऊन खात्यात कसे जमा होतात, हे मात्र कुणी सांगत नाही. माझे नेमके तिथेच अडकले होते. म्हणून हे लिहितेय. राग अजून पुरता गेलेला नाही, हेही आधीच सांगते.

आमचं गाव दापोली तालुक्यात, किनाऱ्याला लागून. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर घरात दुसरं काही यायला हवं होतं, आणि मला लिहिता येत होतं. ब्लॉगर या गुगलच्या सेवेवर फुकटात सुरुवात केली, थोडा जम बसल्यावर स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, घेतलं. यात कठीण काहीच नाही. मोबाईलवर मराठी बोलून टाइप होतं, फोटो कॅनव्हात नीट करता येतात, बाकी हळूहळू समजत जातं.

वाचलं काय जातं, हे कळायला गुगलच्या सर्च कन्सोलसारखं दुसरं साधन नाही, आणि तेही फुकट आहे. लोकांनी गुगलमध्ये काय टाइप केलं आणि आपलं पान कितव्या नंबरवर दिसलं, ते सगळं त्यात येतं. माझ्याकडे येणारे लोक शोधत होते ‘दाभोळ धोपावे फेरीबोट गाडीचे दर’, ‘वेळास कासव महोत्सव कधी’, ‘कड्यावरचा गणपती गाडी वरपर्यंत जाते का’. समुद्रावर रंगून लिहिलेल्या लेखांपेक्षा ही कोरडी माहिती कितीतरी पट वाचली जाते. फेरीबोटीचा माझा लेख सगळ्यात जास्त चालतो, त्याला कारण आहे. दर हंगामाच्या सुरुवातीला मी स्वतः धक्क्यावर जाते, दरफलकाचा फोटो काढते आणि लेखात वरच तारीख घालते. पुण्यात बसून दहा साइटवरचं उचलून लिहिणाऱ्याला हे जमणार नाही. आपल्या गावातून लिहिणाऱ्याची खरी ताकद ही आहे, ती सोडू नका.

ब्लॉगवर जाहिराती दाखवून त्यांचे पैसे देणारी गुगलची सेवा म्हणजे अ‍ॅडसेन्स. तिला मराठी चालतं, त्यामुळे मंजुरीसाठी इंग्रजीत लिहायची गरज नाही. ‘आमच्याविषयी’, संपर्क आणि प्रायव्हसी पॉलिसी ही पानं असू द्या, मजकूर स्वतःचा असू द्या. दहा डॉलर जमले की पत्ता पडताळायला सहा आकडी पिन साध्या टपालाने येतो. रजिस्टर नसतं, म्हणजे ट्रॅकिंग नाही. पत्त्यात वाडीचं नाव, जवळची खूण आणि पिनकोड नीट लिहा आणि पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवा, मी सांगितलं होतं. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही, तर पानावरच्या जाहिराती बंद होतात. हरवला तर नवा मागवता येतो. माझा पिन विनासायास हातात पडला.

मग शंभर डॉलर. त्याशिवाय पैसे निघत नाहीत. मराठी पानांवरच्या जाहिरातींना इंग्रजीपेक्षा भाव कमी, त्यात आमचा विषय हंगामी. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत लोक शोधत असतात. जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, आलेख खाली. ते धरूनच चालावं. स्वतःच्या जाहिरातींवर स्वतः क्लिक करायचं नाही आणि घरच्यांनाही करू द्यायचं नाही, त्यावरून खातं कायमचं बंद होतं. माझ्या भाच्याला मी हे दोनदा बजावलं होतं.

आता बँक.

अ‍ॅडसेन्समध्ये बँकेची माहिती भरताना आयएफएससी आणि स्विफ्ट, असे दोन रकाने असतात. आयएफएससी हा शाखेचा देशातल्या व्यवहारांचा कोड, तो पासबुकावर छापलेला असतो. त्यात अकरा अक्षरं आणि पाचवं नेहमी शून्य. स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा. पहिली चार बँकेची, पुढची दोन देशाची. परदेशातून येणारा पैसा ह्या स्विफ्टच्या वाटेने येतो. प्रत्येक शाखेला तो नसतो. छोट्या शाखेला नसला तर त्याच बँकेच्या परकीय चलन हाताळणाऱ्या मोठ्या शाखेचा कोड द्यायचा, आणि खाते क्रमांक आपलाच. एवढी साधी गोष्ट.

आमच्या शाखेत मी विचारलं तेव्हा काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “असला कोड आमच्याकडे नाही. आयएफएससी द्या, पैसे येतील.” मी म्हटलं, हे पैसे सिंगापूरहून येणार आहेत, गुगल एशिया पॅसिफिककडून, त्याला आयएफएससी एकटा पुरत नाही. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून मला नीट पाहिलं आणि विचारलं, “मिस्टर बाहेर असतात का?”

माझे मिस्टर त्या वेळी वाडीत नारळ सोलत होते.

स्विफ्ट कोड मी शेवटी बँकेच्या मुख्यालयाच्या हेल्पलाइनवरून मिळवला. नाव पासबुकावर आहे तसंच्या तसं भरलं, आडनाव आधी, मग माझं, मग ह्यांचं. हे महत्त्वाचं आहे. पासबुकावर एक, पॅनवर दुसरं आणि अ‍ॅडसेन्सवर तिसरं नाव असेल, तर ते आधी एकसारखं करून घ्या, मगच पैशांची वाट बघा. महिन्याच्या २० तारखेच्या आत सगळं भरलेलं असलं तर २१ ते २६ च्या दरम्यान पैसे निघतात. माझेही निघाले. अ‍ॅडसेन्सवर ‘पेमेंट पाठवलं’ अशी ओळ आली आणि घरात शिरा झाला.

खात्यात मात्र काही येईना. रोज बघत होते. शाखेत गेले की उत्तर तेच: “ताई, आमच्याकडे काही दिसत नाही.” आणि खरंच त्यांच्या स्क्रीनवर काही दिसत नव्हतं, कारण पैसे शाखेत आलेच नव्हते. ते शहरातल्या परकीय चलन विभागात पोचून थांबले होते. परदेशातून आलेली रक्कम कशापोटी आली, हे बँकेला रिझर्व्ह बँकेच्या यादीतला उद्देश कोड घालून नोंदवावं लागतं. तो कोड खातेदाराने सांगायचा असतो, मगच डॉलरचे रुपये होऊन खात्यात पडतात. त्या विभागाने शाखेला मेल केला होता. शाखेत तो कुणी उघडला नव्हता. हे मला कळायला जो काळ गेला, तो आठवला की अजूनही जीव तळमळतो. मी त्यांना रोज विचारत होते आणि उत्तर त्यांच्याच मेलमध्ये पडून होतं.

मेल सापडल्यावर अधिकाऱ्यांनी फॉर्म काढला आणि माझ्यासमोरच भराभर भरला. उद्देशाच्या रकान्यात त्यांनी पी१३०१ लिहिलं. मी विचारलं हे काय. म्हणाले, “कुटुंबाच्या खर्चासाठी. इथे सगळ्यांचं हेच असतं, वहिनी. सही करा.”

त्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. दापोली, मंडणगड, खेड या भागातली कित्येक घरं आखातातून येणाऱ्या पैशांवर उभी आहेत. कुवेत, दुबई, कतार, नाहीतर जहाजावरची नोकरी. परदेशी पैसा म्हणजे घरच्या पुरुषाने पाठवलेला पैसा, हे त्या टेबलावर वर्षानुवर्षं खरं ठरत आलंय. पण ते माझ्याबाबतीत खरं नव्हतं. ते शंभर डॉलर मला कुणी घरखर्चाला पाठवले नव्हते. लाईट गेली की मोबाईलच्या उजेडात, पडवीच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथे बसून मी ते कमावले होते. सरकारी कागदावर ते ‘कुटुंबाचा खर्च’ म्हणून चढणार होते. मी सही केली नाही.

“अहो, काय फरक पडतो? पैसे मिळाल्याशी मतलब,” असं ते म्हणाले. फरक पडतो. पी१३०१ अनिवासी भारतीयाने घरी पाठवलेल्या पैशांसाठी आहे. इथे पाठवणारी एक कंपनी आहे आणि पैसे जाहिरातीचे आहेत. ते आपलं उत्पन्न आहे, आयकर रिटर्नमध्ये दाखवायचं आहे. उद्या कुणी विचारलं की सिंगापूरची कंपनी तुमचं घर का चालवते, तर मी काय सांगणार? शेवटी त्यांनी माझ्यासमोर चलन विभागाला फोन लावला. पलीकडच्या बाई जाणकार होत्या. दोन वाक्यांत विषय समजला त्यांना. म्हणाल्या, “पी१००७ लिहा, जाहिरात सेवा. आणि पेमेंटची पावती जोडा.” इतकंच. एवढ्या दिवसांत मला भेटलेली ही पहिली व्यक्ती, जिला तिचं काम माहीत होतं. त्यांचं नाव विचारायचं राहिलं याची चुटपुट लागून राहिली.

पावती म्हणजे काय, तेही सांगते, कारण शाखेतल्या कुणालाही ती कुठे मिळते हे ठाऊक नव्हतं. अ‍ॅडसेन्समध्ये पेमेंट्सच्या पानावर व्यवहारांची यादी असते. त्यातल्या ‘वायर ट्रान्सफर’च्या ओळीवर दाबलं की पावती उघडते. तिच्यावर पाठवणाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख आणि पेमेंट नंबर असतो. ती छापून नेली. सोबत एक साधं पत्र लिहिलं: माझ्या संकेतस्थळावर दाखवलेल्या जाहिरातींचा हा मोबदला आहे. पॅनची प्रत जोडली. शाखाधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्याने सगळं स्कॅन होऊन गेलं आणि त्यानंतर पैसे आले. त्या मेसेजमधली रक्कम मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली.

बँकेने आपले शुल्क कापलं होतं. ते दर वेळी कापलं जातं, म्हणून अ‍ॅडसेन्समधली पेमेंटची मर्यादा शंभरावरून वाढवून घ्या. मी घेतलीय. पैसे उशिरा येतात, पण कपात कमी वेळा होते. आणि परदेशातून पैसे आल्याचा दाखला, एफआयआरए, दर वेळी मागून घ्या. मागितल्याशिवाय देत नाहीत. रिटर्न भरताना सीएला तो लागतो.

आणखी एक, हे खरं तर आधी यायला हवं होतं. पहिले पैसे निघायच्या आधीच, म्हणजे पिनची वाट बघत असतानाच, बँकेत जाऊन तीन गोष्टी विचारा: तुमच्या बँकेचा स्विफ्ट कोड कुठला, उद्देशाचा फॉर्म कोण भरून घेतं, आणि चलन विभागाचा मेल कुठल्या पत्त्यावर येतो. उत्तरं देता आली नाहीत तर तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्या बँकेत खातं उघडा. सगळ्यांनी माझ्यासारखं भांडत बसायची गरज नाही.

जाहिरातींवर घर चालत नाही, निदान मराठी ब्लॉगचं तरी लगेच नाही. अ‍ॅमेझॉनचा अफिलिएट कार्यक्रम, म्हणजे आपल्या लिंकवरून विक्री झाली की कमिशन, तोही मी घेतला होता. त्यात पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. फेरीबोटीची वेळ बघायला आलेला माणूस तिथून बॅग विकत घेत नाही, तो वेळ बघतो आणि जातो. पण तोच माणूस विचारतो, कोकम आगळ कुठे चांगलं मिळेल? त्या प्रश्नावर माझी खरी मिळकत उभी राहिली. आगळ, आंबापोळी, फणसपोळी घरी होतातच. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी केली, चौदा आकडी क्रमांक लेबलवर छापला, आणि प्रत्येक लेखाखाली व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर टाकला. बाटल्या गळू नयेत म्हणून झाकणावर आधी मेणकागद, मग टेप आणि उभी पेटी. मे महिन्यात जाहिरातींपेक्षा पार्सलांचे पैसे जास्त येतात, आणि ते यूपीआयवर, कुठलाही कोड न विचारता. हॉटेलवाले पैसे देऊन लेख लिहून मागतात, तेही मी घेते. पण पैसे घेतलेत हे लेखात वरच लिहिते. तसं लिहायला जो हॉटेलवाला तयार नसतो, त्याचं काम घेत नाही.

शाखेत आता माझ्या नावाची फाईल आहे आणि पी१००७ तिच्यावर पेनने मोठं लिहिलंय. परवा त्याच टेबलावरून फोन आला. खालच्या आळीतल्या एका मुलाचे यूट्यूबचे पहिले पैसे आले होते. “ताई, तुमच्यासारखंच आहे, काय काय लागलं होतं तेव्हा?” मी माझ्या भरलेल्या फॉर्मचा फोटो पाठवला आणि त्याला पावती छापून आणायला सांगा, असं सांगितलं. त्याचे पैसे त्याच आठवड्यात जमा झाले.