प्रॉव्हिन्सटाउन: गॅलऱ्या बघायच्या तर शुक्रवार गाठा

अमेरिकेत बॉस्टनपलीकडे केप कॉड या भूशिराच्या टोकावर असलेल्या प्रॉव्हिन्सटाउनला चित्रं बघायला जायचं असेल तर शुक्रवारी जा आणि रात्र तिथंच काढा. बाकीचे सल्ले पुढे आहेत, पण एवढा एक पाळलात तरी पुरे. बॉस्टनकडची आपली मंडळी केप कॉडच्या टोकापर्यंत जातात ती देवमासे बघायला, नाहीतर भारतातून आलेल्या पाहुण्यांना समुद्र दाखवायला. सकाळच्या बोटीनं जायचं, आइस्क्रीम खायचं, संध्याकाळच्या बोटीनं परत. त्यात गॅलऱ्या बघून होतात त्या दुपारी, आणि दुपारी गॅलऱ्यांत एखादा माणूस लॅपटॉपपुढे मान घालून बसलेला असतो. उन्हाळ्यात नव्या प्रदर्शनांची उद्घाटनं होतात शुक्रवारी संध्याकाळी. तेव्हा चित्रकार स्वतः हजर असतात, दारं सताड उघडी असतात आणि कुणालाही आत जाता येतं. आमंत्रण लागत नाही, कपड्यांचा थाट लागत नाही.

आम्ही जुलैत गेलो. सोबत सासरे होते. अण्णांनी कोल्हापूरकडे शाळेत चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली याचा हिशेब नाही. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या या माणसाला आम्ही आउटलेट मॉल दाखवत होतो, याचा त्यांना आलेला कंटाळा ते बोलून दाखवत नव्हते इतकंच.

गाडीनं बॉस्टनहून साधारण ११५ मैल. रस्ता मोकळा असेल तर अडीच तास, पण उन्हाळ्यातल्या शुक्रवारी दुपारनंतर केपच्या पुलावर तो मोकळा नसतोच. जलद फेरी बोट दीड तासात नेते आणि थेट गावाच्या मध्यावर, मॅकमिलन धक्क्यावर उतरवते. तिकीट स्वस्त नाही. पण गावातलं पार्किंग, पेट्रोल आणि पुलावरची चिडचिड धरली तर फेरीच परवडते. गावात गाडी लागत नाही. वरच्या डेकवर बसणार असाल तर जुलैतही वारा अडवणारं जाकीट ठेवा. ज्यांना बोट लागते त्यांनी खाली, मागच्या बाजूला बसावं आणि गोळी निघण्याआधीच घ्यावी.

धक्क्याला लागताना डोळे उघडे ठेवा. शेजारच्या जुन्या धक्क्यावरच्या इमारतीवर पाच म्हाताऱ्या बायकांचे प्रचंड मोठे काळे-पांढरे फोटो दिसतात. या गावातल्या पोर्तुगीज कोळी घरांतल्या बायका. छायाचित्रं नॉर्मा होल्ट यांची. नाविकांचे पुतळे अमेरिकेच्या किनाऱ्यावर जागोजागी आहेत, घरी वाट बघणाऱ्यांचे क्वचितच, म्हणून हे. तिकिटाविना बघायला मिळालेलं हे पहिलं प्रदर्शन, आणि माझ्या मते गावातल्या अर्ध्या गॅलऱ्यांपेक्षा सरस.

थोडा इतिहास लागेल, नाहीतर इथं एवढी चित्रं का, हे कोडं सुटत नाही. गाव केप कॉडच्या अगदी टोकाला, तिन्ही बाजूंनी पाणी आणि फिक्या वाळूच्या टेकड्या. उजेड वरून येतो तसा खालूनही येतो. सावल्यासुद्धा काळ्या न दिसता निळ्या-जांभळ्या दिसतात. १८९८ च्या नोव्हेंबरात मोठं वादळ झालं, धक्के आणि बोटी मोडल्या, मासेमारी आधीच उतरणीला लागलेली. रिकाम्या वखारी आणि शिडं शिवायच्या माड्या कवडीमोलानं भाड्यानं मिळू लागल्या. १८९९ साली चार्ल्स हॉथॉर्न या चित्रकारानं इथं उन्हाळी चित्रशाळा काढली. पहिल्या महायुद्धात युरोपची वाट बंद झाली, पॅरिसला जाणारे इकडे वळले आणि १९१६ साली ‘बॉस्टन ग्लोब’नं ‘जगातली सगळ्यात मोठी कलावसाहत’ म्हणून बातमी दिली. हॉथॉर्न विद्यार्थ्यांना भर उन्हात मॉडेल बसवून देई, डोक्यावर टोपी, चेहरा सावलीत, आणि हातात ब्रशाऐवजी पुट्टीचा पत्रा. नाक-डोळे रंगवायचेच नाहीत, फक्त रंगाचे डाग एकाशेजारी एक बरोबर बसवायचे. अण्णांना हे सांगितल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “हे मला नोकरीला लागायच्या आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.”

धक्क्यावरून वर आलात की कमर्शियल स्ट्रीट लागतो. गावाची मुख्य गल्ली म्हणजे हीच, लांबलचक आणि अरुंद. गाड्यांना एकेरी, सायकलींना दोन्ही दिशांनी मोकळी, तेव्हा फोनमध्ये बघत चालू नका. इथून उजवीकडे वळा. घरांचे आकडे वाढत जायला हवेत; ते वाढत असले की तुम्ही पूर्वेकडे, म्हणजे गॅलऱ्यांकडे चालला आहात. डावीकडे टी-शर्ट, फज आणि गर्दी जास्त. वाटेत ३५६ नंबरला सार्वजनिक वाचनालय आहे. मूळचं चर्च, मग काही वर्षं कलासंग्रहालय, आता वाचनालय. आणि आत वरच्या मजल्यावर ‘रोज डोरोथिया’ या मासेमारी शिडाच्या जहाजाची निम्म्या आकाराची प्रतिकृती उभी आहे, डोलकाठ्यांसकट. पुस्तकांची कपाटं जहाजाच्या कडेनं लावलेली. फुकट आहे, बसायला जागा आहे आणि स्वच्छतागृह आहे, जे उन्हाळ्यात या गावात कमी लेखू नये.

आधी संग्रहालय, मग रस्ता, हा क्रम सोडू नका. ४६० नंबरला प्रॉव्हिन्सटाउन आर्ट असोसिएशन अँड म्युझियम, सगळे त्याला ‘पॅम’ म्हणतात. १९१४ साली चित्रकारांनी आणि गावातल्या व्यावसायिकांनी मिळून काढलेली संस्था. तिकीट आहे, वेळा हंगामानुसार बदलतात, संकेतस्थळ बघून निघा. संग्रह इथं राहिलेल्या, शिकलेल्या, शिकवलेल्या कलावंतांचा. शेजारच्या ट्रुरोत उन्हाळे काढणाऱ्या चित्रकार एडवर्ड हॉपरची रेखाटनं आणि त्याची बायको जोसेफिन हिच्या डायऱ्याही याच संस्थेकडे आल्या आहेत. एका दालनात जुनं, तर बाजूच्या दालनात या उन्हाळ्यात काम करणाऱ्या सभासदांचं, असं शेजार असतं. हे मला फार आवडलं, कारण त्यामुळे नवं चित्र कुठून आलं ते शेजारीच दिसतं.

इथल्या जुन्या भांडणाची गोष्टही ऐकण्यासारखी. १९२७ पासून दहा वर्षं आधुनिकांचं प्रदर्शन वेगळं आणि जुन्या वळणाच्यांचं वेगळं. १९३७ साली दोघे एकत्र आले, पण समोरासमोरच्या भिंतींवर, आणि कुठली भिंत कुणाची हे नाणं उडवून ठरवलं. अण्णांचं म्हणणं, आपल्याकडे नाण्यावर भागलं नसतं, स्टे आणला असता.

तोवर हान्स हॉफमनही आला होता. हा जर्मन चित्रकार १९३५ पासून १९५८ पर्यंत उन्हाळ्यात इथं शिकवत असे. रंगच एकमेकांना पुढे ढकलतात आणि मागे ओढतात, खोली दाखवायला रेषांची गरज नाही, हे त्याचं सूत्र. चित्रकार हेलन फ्रँकेंथालर १९५० मध्ये त्याच्याकडे शिकली. आपल्या वासुदेव गायतोंड्यांची अमूर्त चित्रं ज्यांनी शांतपणे पाहिली आहेत त्यांना हे सूत्र समजावून सांगावं लागणार नाही.

पण पॅममध्ये आणि गल्लीतल्या जुन्या दुकानांतही माझं मन जिथं अडकलं ते म्हणजे इथले पांढऱ्या रेषेचे लाकडी ठसे. जपानी पद्धतीत प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा कोरावा लागतो. १९१५ च्या सुमाराला बी. जे. ओ. नॉर्डफेल्ट या चित्रकाराला त्याचा वैताग आला आणि त्यानं सगळं चित्र एकाच फळीवर आणलं. चित्रातल्या आकारांच्या कडेनं फक्त खाच कोरायची. कागद फळीच्या एका कडेला टाचण्यांनी पक्का करायचा. मग एका आकारावर जलरंग लावायचा, कागद त्यावर उलटायचा, मागून चमच्याच्या पाठीनं घासायचं, उचलायचं, पुढच्या आकारावर पुढचा रंग. खाचेत रंग जात नाही, म्हणून प्रत्येक आकाराभोवती कागदाची पांढरी रेघ उरते. ब्लांश लझेल हिनं हे तंत्र सर्वांत पुढे नेलं. घरांची छपरं, धक्के, फुलं, सगळं चौकोन-त्रिकोणांत बसवलेलं. जवळ जाऊन बघा: रंग सपाट नसतो, लाकडाचे रेषे त्यातून दिसतात, कुठे चमचा जास्त दाबला गेलेला कळतो. एकाच फळीचे दोन ठसे कधीच सारखे येत नाहीत.

अण्णा काचेला नाक लावून उभे. “लायनो, म्हणजे लिनोलियमवर कोरलेले ठसे, आम्ही पोरांकडून करून घ्यायचो,” ते म्हणाले, “पण एका ठोकळ्यावर सगळे रंग? आणि प्रेस नाही? हे शाळेत करता आलं असतं की.” हे तंत्र आजही इथं जिवंत आहे आणि उन्हाळ्यात त्याचे वर्गही लागतात. पॅमचा वर्ग किंवा पर्ल स्ट्रीटवरच्या फाइन आर्ट्स वर्क सेंटरची आठवडाभराची कार्यशाळा, दोन्हींची नावनोंदणी बरीच आधी करावी लागते.

या वर्क सेंटरलाही डोकावून या. पूर्वीची लाकडाची वखार, वरती स्टुडिओ. १९६८ साली सुरू झालेल्या या संस्थेचं खरं काम हिवाळ्यात चालतं: दहा लेखक आणि दहा दृश्यकलावंतांना सात महिने राहायला जागा आणि विद्यावेतन. उन्हाळ्यात इथलं भाडं नवख्या चित्रकाराच्या आवाक्याबाहेर गेलं आहे. ज्या स्वस्ताईमुळे ही वसाहत झाली ती कधीच संपली, हे गावातले लोक स्वतःच सांगतात, आणि भिंतीवरच्या किमती बघितल्या की पटतं.

आता गल्ली. संध्याकाळी सहाला पूर्वेच्या टोकापासून सुरू करा आणि धक्क्याकडे परत या. गर्दी उलट दिशेनं येते, त्यामुळे पहिल्या गॅलऱ्या निवांत मिळतात. ४९४ नंबरला शाळेच्या जुन्या इमारतीतली स्कूलहाउस गॅलरी, तिथं छायाचित्रं आणि चित्रं दोन्ही. ४२४ ला अल्बर्ट मेरोला. पॅट डी ग्रूट यांची छोटी सागरचित्रं मी पहिल्यांदा तिथंच पाहिली: हातात मावेल एवढ्या पाटीवर पाणी, आकाश आणि मधली क्षितिजाची रेघ, बस. घराच्या खिडकीतून दिसणारा तोच समुद्र त्या वर्षानुवर्षं रंगवत राहिल्या. ब्रॅडफर्ड स्ट्रीट या मागच्या रस्त्यावर बर्टा वॉकर गॅलरी आहे. गावच्या जुन्या पिढ्यांचं काम बघायचं तर ती वाट वाकडी करण्यासारखी.

सगळ्याच गॅलऱ्या चांगल्या नाहीत, हे सरळ सांगते. बऱ्याच ठिकाणी दीपगृह, होडी आणि गुलाबी सूर्यास्त यांची फेरमांडणी चालू असते. पाहुण्याच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर टांगायला. अशा ठिकाणी दोन मिनिटं पुरतात. जिथं एकाच माणसाची आठ-दहा कामं सलग लावली आहेत तिथं थांबा. आणि एक युक्ती: भिंतीवर असतं ते सगळं नसतं. ठसे आणि कागदावरची कामं सपाट खणांत ठेवलेली असतात. “कागदावरचं काही बघायला मिळेल का?” एवढं विचारलं की खण उघडले जातात, आणि आपल्या खिशाला झेपणाऱ्या किमती तिथं सापडतात. विकत घ्यायलाच हवं असा कुणाचा आग्रह नसतो. घेतलंत तर त्यावर सव्वासहा टक्के विक्रीकर धरा, आणि भारतात न्यायचं असेल तर फ्रेमशिवाय मागा; गुंडाळून नळीत येतं.

चित्रकाराशी बोलायला बिचकू नका. अण्णांचं इंग्रजी बेताचं, पण एका अमूर्त चित्रासमोर त्यांनी बोटानं तीन जागा दाखवल्या आणि विचारलं, “धिस फर्स्ट? ऑर धिस?” चित्रकर्तीनं हातातला ग्लास खाली ठेवला आणि कुठला थर आधी, कुठला खरवडून काढला, हे पंधरा मिनिटं सांगितलं. मागे उभ्या लोकांना पुढं यायला जागा मिळेना. दुपारच्या फेरफटक्यात हे होत नाही.

पोटापाण्याचं: गाव पोर्तुगीज कोळ्यांचं, त्यामुळे बेकरीत मालासादा मिळतो, तळून साखरेत घोळवलेला. पिठात अंडं असतं, कडक शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा. केल सूप नावावरून पालेभाजीचं वाटतं, पण त्यात गोव्याच्या चोरिसासारखं सॉसेज असतं, आधी विचारा. पिझ्झाचा तुकडा आणि फलाफल सहज मिळतं. रेस्टॉरंटमध्ये बसून जेवायचं तर शुक्रवारचं टेबल आधी राखून ठेवा, किंवा साडेपाचलाच जेवून घ्या आणि मग चित्रं बघा.

मुक्काम महाग. जानेवारी-फेब्रुवारीतच बघायला लागा. गावात नाही जमलं तर नॉर्थ ट्रुरोत राहा. उन्हाळ्यात तिथून गावात शटल बस येते. ऑगस्टमधल्या कार्निव्हलच्या आठवड्यात गाव तुडुंब भरतं. मजा मोठी, पण चित्रांसाठी तो आठवडा नव्हे. हे अमेरिकेतल्या समलिंगी समाजाचं आवडतं आणि जुनं ठिकाण आहे, रस्त्यावर स्त्रीवेशातले ड्रॅग कलाकार आपल्या खेळाच्या जाहिराती वाटत असतात. घरची ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर आधी सांगून ठेवा, म्हणजे प्रश्नोत्तरं रस्त्यात होत नाहीत. आमच्याकडे अण्णांनी फक्त मेकअपची तारीफ केली.

शनिवारी सकाळी ओहोटीची वेळ बघून पूर्वेकडच्या घरांमागे किनाऱ्यावर उतरा. घरांच्या मधून सार्वजनिक वाटा आहेत. पाणी खूप आत गेलेलं असतं, ओल्या वाळूवरून चालत पॅमच्या आसपास पोचता येतं, आणि आदल्या रात्री भिंतींवर पाहिलेले रंग खोटे नव्हते याची खातरी होते. भरतीची वेळ मात्र फोनवर बघून ठेवा.

गर्दी नको असेल तर सप्टेंबरचा पहिला सोमवार उलटू द्या. गॅलऱ्या चालू असतात, खोल्यांचे दर उतरतात, शुक्रवारची उद्घाटनं थोडी कमी पण असतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर निम्मी गल्ली दारं लावून घेते आणि बॉस्टनची फेरीही बंद होते. तेव्हा जायचं तर गाडीनं, आणि ज्या गॅलरीसाठी निघालात तिला आधी फोन करून.