नवी तालिका पाहायला जाताना: एका ग्रंथालय-भेटीचा वृत्तांत

आमच्या ग्रंथालयात अजून तालिकापत्रांची, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी असलेल्या कार्डांची, कपाटं आहेत. संगणकीय तालिका घ्यावी का, यावर समितीत खूप बोलणं झालं, पण ते सगळं ऐकीव माहितीवर. म्हणून जिथे कोहा ही ग्रंथालयासाठीची संगणकप्रणाली बसवून बराच काळ लोटला आहे अशा एका ग्रंथालयात जाऊन काम प्रत्यक्ष पाहायचं ठरलं. अशाच भेटीला निघणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

यजमान मंडळी आधी सभागृहात नेऊन पडद्यावर प्रात्यक्षिक दाखवतात. ते पाहावं, पण त्यात फार वेळ घालवू नये. प्रात्यक्षिकात शोधलेलं पुस्तक सापडतंच. खरी परीक्षा देवघेवीच्या टेबलाशी आणि वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकावर होते. गर्दीची वेळ कोणती ते विचारून घ्या आणि त्या वेळी तिथे उभे राहा.

देवघेवीच्या बाबतीत माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. सभासदाच्या कार्डाचा बारकोड, मग पुस्तकाचा, की झालं काम. पुस्तक कोणाकडे आहे, परत कधी येणार, त्याला आधीच कोणी मागणी लावली आहे का, हे लगेच दिसतं. पुस्तक जागेवर आहे का, ते वाचक घरूनच पाहून येतो. पुस्तक आपल्या संग्रहात आहे एवढंच तालिकापत्र सांगतं. आज ते कपाटात आहे का, हे त्याला सांगता येत नाही.

शोधाचं मात्र तसं नाही. निघण्यापूर्वी मी आमच्या संग्रहातल्या अवघड नावांची यादी करून घेतली होती, आणि तुम्हीही कराच. वाचकांच्या संगणकावर ‘दुःख’ हा शब्द विसर्ग देऊन टाकला, तेव्हा काही पुस्तकं आली. विसर्गाच्या जागी कीबोर्डावरचं अपूर्णविराम चिन्ह टाकून ‘दु:ख’ लिहिलं, तर निराळीच पुस्तकं आली. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे, पण यंत्राच्या लेखी वेगळे. ‘ॲ’ हे अक्षरही एकसंध लिहिता येतं किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही. ‘दऱ्या’मधला रफारासारखा ‘र’ दोन तऱ्हांनी साठवला जातो. नोंदी वेगवेगळ्या हातांनी झालेल्या, काही जुन्या फाँटमधून रूपांतरित केलेल्या. त्यामुळे असा घोळ साठत गेला. पुस्तक कपाटात आहे, नोंद संगणकात आहे आणि तरी वाचकाला ‘काहीही सापडले नाही’ असं उत्तर मिळतं, याचं मला फार वाईट वाटलं.

यावर उपाय आहेत. कोहामध्ये शोधासाठी झेब्रा किंवा इलॅस्टिकसर्च यांपैकी एक शोधयंत्रणा वापरतात. झेब्रा असेल तर देवनागरीसाठी त्याची अनुक्रमणी आयसीयू, म्हणजे निरनिराळ्या लिप्या नीट हाताळणाऱ्या, पद्धतीने लावलेली आहे का, ते विचारा. पण नोंदी करणाऱ्या सगळ्यांसाठी टंकनाचे लेखी नियम पहिल्या दिवसापासून हवेत. यजमान ग्रंथपालांनी ते नंतर तयार केले आणि आता जुन्या नोंदी एकेक करून दुरुस्त होत आहेत. त्यांनी हे मोकळेपणाने दाखवलं, याबद्दल त्यांची मी आभारी आहे.

दुसरी चाचणी टोपणनावांची. जुन्या पत्रांमध्ये ‘शिरवाडकर, वि. वा. पाहा कुसुमाग्रज’ असं एक साधं पत्र असायचं. इथे ‘शिरवाडकर’ टाकल्यावर तुरळक नोंदी आल्या, बाकीची पुस्तकं ‘कुसुमाग्रज’ टाकल्यावर. मार्क २१ या नोंदपद्धतीत याची सोय आहे: लेखकाच्या प्रमाणित नावाची स्वतंत्र नोंद करायची आणि पर्यायी नावं तिच्यातल्या ४०० क्रमांकाच्या क्षेत्रात घालायची. पण घाईत शीर्षक, लेखक आणि दाखल क्रमांक एवढंच भरलं, तर ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ ही पत्रं मागेच राहतात. जुन्या तालिकेची सगळी बुद्धी त्या पत्रांत होती. ती नव्या तालिकेत उतरवायला वर्गीकरण जाणणारा माणूस लागतो, नुसता टंकलेखक पुरत नाही.

दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिकांमधल्या तयार नोंदी झेड ३९.५० या संगणकीय संकेतावरून उतरवून घेता येतात, असं सगळेच सांगतात. नव्या इंग्रजी पुस्तकांसाठी ही सोय उत्तम आहे. जुन्या मराठी पुस्तकांना बहुधा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) नसतो, आणि परदेशी ग्रंथालयांतल्या मराठी नोंदी अनेकदा रोमन लिपीत असतात. तेव्हा आपल्या कपाटातली काही जुनी पुस्तकं निवडून त्यांची नावं तिथे शोधून पाहा, म्हणजे हाताने किती काम उरेल याचा अंदाज येईल.

खर्चाबद्दल थोडक्यात. कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये तयार झालं आणि २००० पासून वापरात आहे. ते मुक्त स्रोत असल्यामुळे परवान्याचे पैसे लागत नाहीत. सर्व्हर, बॅकअप, देखभाल आणि नोंदी करणाऱ्यांचा पगार हे सगळं मात्र लागतंच. समितीला ‘फुकट आहे’ असं सांगून मंजुरी घेऊ नका.

बारकोड कुठे चिकटवले आहेत, तेही पाहा. यजमानांकडे ते आतल्या पानावर आहेत. साठा पडताळणीच्या वेळी प्रत्येक पुस्तक कपाटातून काढून उघडावं लागतं. तेच मुखपृष्ठाच्या बाहेर, ठरलेल्या कोपऱ्यात लावले, तर हे काम किती हलकं होईल! इंटरनेट गेल्यावर देवघेव कशी करतात, हे टेबलावरच्या कर्मचाऱ्यालाच विचारा. वाचकांचा वाचन-इतिहास किती काळ ठेवतात, हेही विचारा. कोहामध्ये तो पुसण्याची सोय आहे, पण ती आधी सुरू करावी लागते. कोण काय वाचतो हे ग्रंथालयाबाहेर जाता कामा नये, याबाबत मी तरी तडजोड करणार नाही. शिवाय सगळ्या नोंदी मार्क स्वरूपात बाहेर काढून दाखवायला सांगा. उद्या दुसरी प्रणाली घ्यायची झाली, तर आपल्या नोंदी आपल्या हातात हव्यात.

माझं मत नवी तालिका घ्यावी असंच आहे. अट एकच: नोंदी तपासायला माणूस आणि वेळ आधी मंजूर व्हावा, खरेदी नंतर.

आणि पत्रांची कपाटं लगेच मोडीत काढू नका. एक पूर्ण साठा पडताळणी नव्या तालिकेवरून होऊ द्या. पत्रांवर ‘या प्रतीत नकाशे नाहीत’, ‘भाग दुसरा बांधणीत पहिल्याला जोडला आहे’ अशा हाताने केलेल्या नोंदी असतात. पत्रं स्कॅन करणार असाल तर दोन्ही बाजू करा, कारण अशा कित्येक नोंदी पाठीमागे लिहिलेल्या असतात.