इंडिकेटर द्यायला गेले आणि वायपर फिरले

सेकंडहँड गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर बघतात, डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तपासतात, सर्व्हिस रेकॉर्ड मागतात. ड्रायव्हरच्या सीटवर बसून एकेक बटण दाबून बघणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. आम्हीही त्यातलेच. गाडी २०१५ची फोक्सवॅगन पोलो, पेट्रोल, एकहाती वापरलेली. ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेटखाली डोकं घालून बराच वेळ काढला आणि "घ्या ताई, बिनधास्त" असं सांगितलं. डीलरने दोन किल्ल्या, आरसी आणि विम्याचे कागद हातात ठेवले. ग्लोव्ह बॉक्समध्ये टोलच्या जुन्या पावत्या होत्या आणि एक कंगवा होता. मॅन्युअल नव्हतं.

त्याआधी आमच्याकडे वॅगन आर होती, आणि माझे हात त्या गाडीत तयार झालेले. मारुती, होंडा, टोयोटा या गाड्यांना इंडिकेटर आणि दिव्यांची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते, वायपरची डावीकडे. पोलोत बरोबर उलटं. हे वाचून मला माहीत होतं, डीलरनेही सांगितलं होतं, तरी दुकानापासून कोथरूडपर्यंत प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर करकरत राहिले. नवरा शेजारून म्हणाला, "अगं, ऊन पडलंय." पुढच्या चौकात पुन्हा तेच झालं, तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता खिडकीबाहेर बघत राहिला.

यात चूक कुणाची नाही. जपानमध्ये स्टिअरिंग उजवीकडे, गिअरसाठी डावा हात, म्हणून इंडिकेटर रिकाम्या उजव्या हाताला दिला. युरोपात बहुतेक देशांत स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, म्हणून तिथे इंडिकेटर डावीकडे. पुढे युरोपातल्या कंपन्यांनी उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांनाही तीच मांडणी ठेवली. म्हणजे माझी गाडी चाकणच्या कारखान्यात, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर तयार झाली, पण दांड्यांच्या बाबतीत ती जर्मनच राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुलाला घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेले. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद ठेवून नुसती इग्निशन चालू केली, त्याला गाडीबाहेर उभं केलं आणि एकेक गोष्ट हलवायला लागले. तो ओरडून सांगणार, काय पेटलं. "डावा! उजवा! मागचा! आई, आत्ता काहीच नाही झालं!" काहीच झालं नाही असं वाटलं की मी डॅशबोर्डवर बघायची. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं माझं ठाम मत आहे, आणि बाहेर माणूस हवाच. मागे कोणता दिवा लागला हे आत बसून कळत नाही.

हेडलाइट दांडीच्या टोकाला शोधत होते. ते तिथे नव्हतेच. पोलोत त्यासाठी स्टिअरिंगच्या उजवीकडे डॅशबोर्डवर वेगळा गोल नॉब आहे. फिरवला की आधी छोटे दिवे, मग हेडलाइट. तोच नॉब बाहेर ओढला की फॉग लॅम्प लागतात. पहिल्या खटक्याला पुढचे, आणखी एक खटका बाहेर ओढला की मागचा लाल. दांडीवर फक्त हाय बीम. पुढे ढकलली की चालू, स्वतःकडे ओढली की डिपर.

वायपरची दांडी त्यामानाने शहाणी निघाली. वर ढकलत गेलं की थांबून थांबून, मग हळू, मग जोरात. खाली दाबली की एकच फेरा. अंगाकडे ओढली की पुढच्या काचेवर पाणी, पलीकडे ढकलली की मागच्या काचेवर. एकच फेरा ही सोय मला फार आवडली. पुढच्या ट्रकने चिखलाचे चार थेंब उडवले, एक टिचकी मारली, संपलं.

खरा फायदा झाला तो एका छोट्याशा चाकामुळे. आदल्या रात्री गाडी चालवताना उजेड बॉनेटच्या पुढ्यातच पडत होता. बल्ब बदलावे लागणार, कदाचित रिफ्लेक्टर काळे पडले असणार, असा हिशेब मी मनात मांडून बसले होते. त्या नॉबशेजारी शून्य ते तीन आकड्यांचं एक चाक दिसलं. ते तीनवर होतं. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तेव्हा तो खाली आणण्यासाठी हे चाक असतं. आकडा जितका मोठा, तितका उजेड खाली. आधीच्या मालकाने कधीतरी भरल्या गाडीने प्रवास केला असेल आणि नंतर ते परत शून्यावर आणलं नसेल. शून्यावर आणल्याबरोबर समोरच्या भिंतीवरचा उजेड वर सरकला. एक रुपया न खर्चता.

त्याच आठवड्यात रात्री वॉचमन काकांनी इंटरकॉमवरून बोलावलं. "मॅडम, गाडीचा दिवा चालू राहिलाय. पण एकाच बाजूचा." खाली गेले तर खरंच डाव्या बाजूचे छोटे दिवे पुढे-मागे मंद जळत होते. किल्ली माझ्या हातात, हेडलाइटचा नॉब बंद. काकांचं निदान होतं वायरिंग. मलाही तेच वाटलं. गाडीत बसून चाळवाचाळव केली तेव्हा लक्षात आलं, पार्किंगमध्ये वळताना दिलेला इंडिकेटर तसाच राहिला होता. इग्निशन बंद असताना दांडी डावीकडे किंवा उजवीकडे असेल तर या गाड्यांत त्या बाजूचे पार्किंगचे दिवे लागतात. युरोपातल्या अरुंद, अंधाऱ्या गल्ल्यांमध्ये रस्त्याकडेची बाजू दिसावी म्हणून ही सोय. आमच्या पार्किंगमध्ये तिचा उपयोग एवढाच, की रात्रभर बॅटरी खर्च होणार. दांडी मधे आणली, दिवे गेले. काकांना ते विशेष पटलं नाही. "तरी एकदा वायरिंग दाखवून घ्या," म्हणाले.

गिअरचं फारसं सांगण्यासारखं नाही. रिव्हर्स वॅगन आरमध्ये उजवीकडे खाली, इथे डावीकडे वर, पहिल्याच्या शेजारी, आणि दांडा खाली दाबल्याशिवाय पडतच नाही. हे एका दिवसात जमलं, कारण रिव्हर्स टाकताना माणूस थांबलेला असतो, विचार करायला वेळ असतो.

इंडिकेटरला तो वेळ नसतो. पार्किंगमध्ये सगळं पाठ झालं होतं. मुलाने विचारलं असतं तर डोळे मिटून सांगितलं असतं कुठे काय आहे. पण चांदणी चौकाच्या गर्दीत शिरलं की उजवा हात आपसूक वायपरवर. म्हणून रविवारी भल्या सकाळी, रस्ते मोकळे असताना, मुळशीच्या दिशेने नुसती गाडी काढायला लागले. तेव्हा एक वेगळीच गोष्ट उमगली. अडचण फक्त हात बदलण्याची नव्हती. वॅगन आरमध्ये वळणापाशी उजवा हात इंडिकेटर द्यायचा आणि त्याच क्षणी डावा हात गिअर उतरवायचा. दोन्ही एकदम. पोलोत दोन्ही कामं डाव्याच हाताची. ती एकदम होऊच शकत नाहीत. म्हणजे आधी इंडिकेटर, मग गिअर, आणि त्यासाठी वळण यायच्या बरंच आधी ठरवायला हवं. हे कळल्यावर मी हातांकडे लक्ष देणं सोडलं आणि वळणाआधी लवकर सुरुवात करायला लागले. वायपर फिरणं आपोआप कमी झालं. मागून येणाऱ्यालाही वेळेत कळतं, हा वरचा नफा. पुण्यात इंडिकेटर लवकर दिला की मागचा वेग वाढवून आधी निसटतो, हा भाग वेगळा.

लेन बदलताना दांडीला नुसता हलका धक्का दिला की तीनदा लुकलुकून ती आपली आपण गप्प बसते. हे मात्र मला अपघातानेच कळलं.

मग बॅटरी बदलली आणि स्टिरिओ बंद पडला. पडद्यावर 'सेफ' असा शब्द आणि चार आकड्यांच्या कोडची मागणी. चोरीला गेलेला सेट दुसऱ्या गाडीत चालू नये म्हणून हे कुलूप. वीज तुटली की ते लागतं. अंदाजाने आकडे टाकत बसायची सोय नाही, चुकीचा कोड दोनदा टाकला की सेट तासभर ऐकूनच घेत नाही. डीलरने हात वर केले. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीचे कागद दाखवून कोड मिळतो असं मेकॅनिक म्हणाला, पण त्याआधी मी आरसीच्या जुन्या कागदांवरून आधीच्या मालकांना फोन लावला.

चिंचवडचे निवृत्त गृहस्थ. गाडी नीट आहे ना, पहिला प्रश्न त्यांचा. कोडचं कार्ड मॅन्युअलच्या पाकिटात होतं आणि पाकीट त्यांच्या कपाटात. "डीलरने मागितलंच नाही हो," म्हणाले. मग अर्धा तास बोलले. किल्लीवरचं उघडायचं बटण दाबून धरलं की चारही काचा खाली जातात, मे महिन्यात गाडीत बसण्याआधी तसं करायचं, गरम हवा निघून जाते. खंबाटकीच्या धुक्यात मागचा फॉग लावला तर धुकं विरल्यावर आठवणीने बंद करायचा, नाहीतर मागचे शिव्या घालतात. स्टिअरिंगखालचा खटका सोडला की ते वरखालीच नाही, आतबाहेरही सरकतं. हे मला माहीतच नव्हतं, इतके दिवस मी सीट पुढे ओढून कोपर आखडून चालवत होते.

पाकीट आणायला शनिवारी गेलो. चहा झाला, कार्ड मिळालं, स्टिरिओ तिथेच त्यांच्या गेटसमोर सुरू केला. निघताना त्यांनी दुसऱ्या किल्लीचा रिमोट चालतो का विचारलं. चालत नव्हता. "सेल गेला असेल. सीआर २०३२ टाका, घड्याळवाल्याकडे मिळतो."